बेळगावच्या बँकेचं एटीएम कार्ड दुबईत चालतं का? तिकडं नवीन खातं काढावंच लागतं का?

तुम्ही खानापूर तालुक्यातले, दुबईत नोकरी लागली आहे, पुढच्या महिन्यात निघणार आहात. बेळगावच्या बँकेत जुनं बचत खातं आहे आणि त्याचंच कार्ड तिकडं वापरत राहावं असा विचार आहे. ते चालेल का, एवढाच तुमचा प्रश्न.

चालतं. पण पहिल्या महिन्या-दीड महिन्यापुरतंच ठेवा. पुढंही तेच वापरत राहिलात तर दर वेळी कमिशन कापलं जाईल आणि तुमचं खातंही कायद्याच्या दृष्टीनं चुकीच्या प्रकारात राहील. मी काही वर्षं शारजात नोकरी करून परत आलोय. आता आमच्या भागातली मुलं निघायच्या आधी कागद घेऊन घरी येतात, तेव्हा त्यांना जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितो.

आधी पाकिटातून कार्ड काढा आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. आपल्या जिल्ह्यात अर्ध्या लोकांची खाती सहकारी बँकेत असतात आणि तिथं बहुधा साधं रुपे कार्ड मिळतं. कित्येक कार्डांवर इंग्रजीत 'व्हॅलिड ओन्ली इन इंडिया' असं छापलेलं असतं, पण कुणी वाचत नाही. असं कार्ड दुबईच्या एटीएममध्ये घातलं तर नुसतं परत येतं. रुपेचंच आंतरराष्ट्रीय कार्ड वेगळं असतं, त्याच्या मागं डिस्कव्हर किंवा डायनर्स क्लबचं चिन्ह असतं आणि ते बाहेर चालतं. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर अडचण सहसा येत नाही, तरी त्यावरही 'फक्त भारतात' असं काही छापलंय का ते बघा. मुदत कधी संपते तेही आत्ताच बघा. नवीन कार्ड बँक गावच्याच पत्त्यावर पाठवते, मग ते तिकडं मागवताना नाकीनऊ येतात. सहा-आठ महिन्यांत मुदत संपत असेल तर निघायच्या आधीच बदलून घ्या.

सोसायटीतलं किंवा सौहार्दमधलं (म्हणजे कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी संस्थेतलं) खातं मात्र या हिशेबात धरू नका. तिथं पिग्मी भरा, ठेव ठेवा, ती तुमची मर्जी. पण सोसायटी म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना जे विम्याचं संरक्षण असतं ते तिथं नसतं आणि परदेशातल्या कमाईसाठी लागणारं खातं तिथं निघत नाही.

कार्ड योग्य असलं तरी परदेशी वापर बंदच असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू करून देतात. परदेशातला वापर, ऑनलाइन खरेदी, टॅप करून पैसे देणं, हे सगळं तुम्ही स्वतः सुरू करायचं असतं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या भागात त्याची बटणं असतात. परदेशी एटीएम आणि दुकान चालू करा, मर्यादा कमी ठेवा, परदेशी ऑनलाइन मात्र बंदच राहू द्या. परदेशी वेबसाइटवर कित्येकदा ओटीपी न मागताच पैसे कापले जातात. कार्डाचा नंबर कुणाच्या हाती लागला तर तुम्हाला मेसेज येईपर्यंत रक्कम गेलेली असते.

आता खर्चाचं बघू. दिरहमचा भाव समजा २४ रुपये धरला आणि तुम्ही ५०० दिरहम काढले, तर होतात १२,००० रुपये. बँकेचा परकीय चलनाचा अधिभार ३.५ टक्के असेल तर ४२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी साडेपंच्याहत्तर. शिवाय परदेशी एटीएममधून काढण्याची फी असते. ती समजा १२५ रुपये, तर जीएसटी धरून १४७ रुपये ५० पैसे. सगळे मिळून ६४० च्या वर गेले, आणि एटीएम ज्या तिथल्या बँकेचं आहे ती आपली फी लावते ती वेगळीच. म्हणून काढायचेच असतील तर दोनशे-दोनशे दिरहम चार वेळा काढू नका, एकदम काढा. निघायच्या आधी तुमच्या बँकेचा अधिभार किती आहे तेही विचारून घ्या. काही बँका दोन टक्के घेतात, काही साडेतीन.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण इथं शिकलेली माणसंसुद्धा फसतात. एटीएममध्ये रक्कम टाकली की पडद्यावर एक पान येतं. त्यावर तुमच्या खात्यातून किती रुपये जातील तो आकडा मोठ्या अक्षरात दाखवतात, खाली दोन पर्याय देतात: हे रूपांतर मान्य, किंवा रूपांतराशिवाय पुढं जा. रुपयांतला आकडा दिसला की माणसाला बरं वाटतं, आपल्या ओळखीचं चलन असतं, आणि बोट 'मान्य'वर जातं. पण त्या दरात मशीनवाल्यानं आपला नफा घातलेला असतो. दुसरा पर्याय दाबायचा. दाबल्यावर व्यवहार रद्द होईल असं वाटतं, पण होत नाही. पैसे दिरहममध्येच निघतात आणि दर व्हिसाचा किंवा मास्टरकार्डचा लागतो, जो बहुतेक वेळा बराच बरा असतो. दुकानातला माणूसही मशीन पुढं करून 'रुपीज ऑर दिरहम?' असं विचारतो. तिथंही दिरहमच सांगा.

सिमकार्डाबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. आपल्याकडची पद्धत काय, तर इथलं सिम भावाकडं किंवा वडिलांकडं देऊन जायचं, 'ओटीपी आला की सांग' म्हणायचं. जांबोटी-कणकुंबीकडं रेंजची काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही तिकडं बँकेचं पान उघडून बसलेले, इकडं भाऊ रेंजसाठी टेकावर चढलेला, आणि तो आकडा वाचून सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. सिम स्वतःबरोबर न्या. दोन सिमचा फोन असेल तर एकात इथलं, दुसऱ्यात तिथलं. निघायच्या आधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला आपल्या बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत, पण रिचार्जची वैधता चालू असावी लागते. ती संपू दिली आणि नंबर बंद पडला, तर पुढं तोच नंबर दुसऱ्याला दिला जातो. मग बँकेत नंबर बदलायला बहुतेक वेळा तुम्हालाच शाखेत यावं लागतं, आणि दुबईहून तेवढ्यासाठी कोण येणार?

आता खात्याचा प्रकार, जो बहुतेक जण टाळतात. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलनाच्या कायद्यानं, म्हणजे फेमानं, तुम्ही अनिवासी ठरता. त्यासाठी काही महिने थांबावं लागत नाही. साधं बचत खातं तसंच चालवत राहायला परवानगी नसते, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथल्या मिळकतीसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. शाखेत पासपोर्ट, व्हिसा, पॅन, फोटो आणि तिकडचा पत्ता लागतो. पासपोर्ट, पॅन आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आधी बघा. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरं, असं सर्रास असतं, आणि कागद तिथंच अडकतात. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत असतो म्हणून संकोचू नका. काउंटरवर मराठीत विचारलं तर आपल्या शाखांत बहुतेक वेळा मराठीतच उत्तर मिळतं.

अनिवासींचं दुसरं खातं म्हणजे एनआरई, ते परदेशातल्या कमाईसाठी असतं. एनआरओ आणि एनआरई या दोन्हींचं काम वेगळं आहे. शेती भावाच्या नावावर नसून तुमच्या नावावर असेल तर कारखान्याचं उसाचं बिल, घराचं भाडं, इथली कुठलीही मिळकत एनआरओत यायची. त्यातल्या व्याजावर बँक ३० टक्के आणि वर सेस असा कर आधीच कापते. दुबईचा पगार मात्र एनआरईत पाठवा. त्या व्याजावर इथं कर नाही आणि ते पैसे हवे तेव्हा परत बाहेर नेता येतात. उसाचं बिल एनआरईत भरता येत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. सगळ्याच सहकारी बँकांना एनआरई खाती उघडायची परवानगी नसते, म्हणून एक खातं राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खाजगी बँकेत असलेलं बरं. शिवाय आता अमिरातीच्या मोबाइल नंबरवरून एनआरई किंवा एनआरओ खात्याला यूपीआय जोडता येतं. तुमची बँक ती सोय देत असेल तर घरचे छोटे खर्च तिथूनच भागवा.

आई-वडिलांबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, तरी लिहितो. बहुतेक मुलं एटीएम कार्ड आणि पिन घरी ठेवून जातात, म्हणजे आईला गरज पडली की पैसे काढता येतील. भावना समजते. पण पिन दुसऱ्याला दिला आणि काही गडबड झाली, तर ती तुमची निष्काळजी ठरते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाला चांगलं संरक्षण होतं: चूक त्रयस्थाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही. पण पिन स्वतःच दिलेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. आणि एटीएमपाशी 'मदत' करणारा अनोळखी माणूस वयस्कर बाईचं कार्ड बदलतो, हे आपल्या भागात ऐकून माहीत नाही असं कोण आहे? त्यापेक्षा आईचं स्वतःचं खातं, स्वतःचं कार्ड असू द्या, आणि दर महिन्याला त्यात पैसे पाठवा. पुढं घरचे व्यवहार वाढले तर जवळच्या नातेवाइकाला तुमच्या एनआरई-एनआरओ खात्यावर रीतसर अधिकारपत्र देता येतं.

पहिल्या महिन्याचं गणित असं बसतं. तिथं पोचल्यावर मेडिकल, मग एमिरेट्स आयडी (तिथलं सरकारी ओळखपत्र), त्यानंतर बँकेचं खातं. पगार कंपनी बँकेतून किंवा पगार-कार्डावरच देते, कारण अमिरातीत २००९ पासून ती सरकारी पद्धत आहे. म्हणजे हातात पहिला पगार यायला वेळ लागतो. तोपर्यंत जेवणखाण, बस, मोबाइल यासाठी थोडे रोख दिरहम अधिकृत विनिमय केंद्रातून पावती घेऊन न्या. उरलेल्यासाठी दिरहम भरलेलं फॉरेक्स कार्ड सगळ्यात स्वस्त पडतं, कारण त्यावर अधिभार लागत नाही. बेळगावचं कार्ड तिसऱ्या नंबरला, वेगळ्या कप्प्यात ठेवा. ते हरवलं तर ब्लॉक करायचा बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून घ्या. १८०० ने सुरू होणारे नंबर बाहेरून सहसा लागत नाहीत.

तुमचं खातं सहकारी बँकेत आहे की दुसऱ्या, कार्ड रुपे आहे की व्हिसा, आणि शेती कुणाच्या नावावर आहे, एवढं खाली कळवा. मग शाखेत नेमका कुठला फॉर्म मागायचा ते सांगतो. कार्डाचा नंबर मात्र इथं लिहू नका.