पंच कमिटीत हरवलेला विश्वास

‘लहानपणापासून संडे स्कूल, मग कॉयर, आता पंच कमिटी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारी समिती. पण चर्चच्या जमिनीचा दावा, पाळकसाहेबांच्या बदलीवरून पडलेले दोन गट, यात माझा विश्वास कुठे गेला कळत नाही. नणंद म्हणते, आमच्या फेलोशिपमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रार्थनामंडळात ये. ताई, जाऊ का?’
– एक बहीण, अहिल्यानगर

सलाम, बहिणी.

आत्ता जाऊ नका. आत्ता जाल ते रागाने जाल, आणि सहा महिन्यांत तिथलेही दोन गट दिसू लागतील.

गटबाजीचं म्हणाल तर बायबलमधली करिंथ शहरातली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, आठवा. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. खटले कोर्टात, आणि येशूच्या स्मरणार्थ घ्यायच्या प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा दारूने मस्त झालेला! प्रेषित पौल त्यांना पत्रातून चांगलाच झापतो, पण ‘मंडळी सोडा’ म्हणत नाही. त्याच पत्राच्या (१ करिंथ) पंधराव्या अध्यायात तो मुळाशी जातो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला. तुमच्या कमिटीच्या विषयपत्रिकेवर हे शेवटचं कधी आलं होतं?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883चा. 1889मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढलं. म्हणजे काम कमी नव्हतं, अभ्यास तर मुळीच कमी नव्हता. तरी बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं. रमाबाईंसारख्या बाईला हे म्हणावं लागलं, तर तुम्ही स्वतःला अविश्वासू ठरवून का बसलात?

पंचपद सोडा. मुदत संपायची वाट बघू नका. दाव्याचे कागद दुसऱ्याच्या हाती द्या आणि कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडा. मग एका संध्याकाळी मार्कचं शुभवर्तमान सलग वाचा. सोळाच अध्याय आहेत, दोनेक तासांत होतात. धडा शिकवायचाय म्हणून नको. येशू कोणाला शिवतो, कोणाच्या पंगतीला बसतो, कोणावर संतापतो, एवढंच बघा.

दुसरं काम अवघड आहे. समोरच्या गटातल्या ज्या बाईशी तुम्ही बोलत नाही (प्रत्येक मंडळीत अशी एक असतेच), तिच्याकडे पुढच्या प्रभुभोजनाआधी जाऊन या. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे येशूचंच सांगणं आहे. बदलीचा विषय तिथे काढायचा नाही.

नणंदेला दुखवू नका. तिच्याकडच्या प्रार्थनेला एखाद्या बुधवारी जरूर जा, रविवार मात्र सध्या आपल्याच मंडळीत काढा, मागच्या बाकावर.