राजदूत 350 घ्यायची तर सुरुवातीची एचटीच घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की जयसिंगपूरला 1984 ची राजदूत 350 मोटरसायकल मिळतेय, मालक ‘ओरिजिनल एचटी’ म्हणून जादा पैसे मागतोय, तर घ्यावी का आणि काय बघावं. माझ्याकडे अकरा वर्षं ही गाडी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एचटी (हाय टॉर्क) आणि एलटी (लो टॉर्क) यांचं. यामाहाची आरडी 350 बी एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 पासून आपल्याकडे राजदूत 350 म्हणून बनवली. जपानी गाडी 39 बीएचपीची, इथली एचटी 30.5 ची. मायलेजसाठी पुढे 1985 च्या सुमारास एलटी आली, ती 27 ची. दोघींत फरक साडेतीन बीएचपीचा. चाळीस वर्षांत एकीचे सिलेंडर, सायलेन्सर, कार्बोरेटर दुसरीला किती वेळा लागले असतील, कुणालाच माहीत नाही. टाकीवर काय लिहिलंय ते बघून पैसे मोजू नका, इंजिन आतून कसं आहे ते बघून मोजा.

पहिल्यांदा ऑइल पंप. या गाडीला टू-टी ऑइलची (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जाणाऱ्या वंगणाची) वेगळी टाकी असते आणि पंप अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला जोडलेला असतो. जेवढी रेस, तेवढं ऑइल. पंप कुरकुरायला लागला की बरेच जण तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. त्यात काही वाईट नाही, पण पुढच्या माणसाला ते सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नाही. ऑइलची टाकी भरलेली दिसली, मी साधं पेट्रोल भरलं आणि पन्हाळ्याला निघालो. वाघबीळच्या चढाला आवाज खरखरीत झाला, मागून कुणी धरून ठेवल्यासारखी गाडी जड झाली, आणि मागचं चाक जाम. क्लच दाबला म्हणून वाचलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सिलेंडर काढले तेव्हा पिस्टनला एक्झॉस्टच्या बाजूने नखांनी ओरबाडल्यासारख्या उभ्या रेघा होत्या आणि बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, अ‍ॅल्युमिनियम चिकटलं होतं. तेव्हा पंपाचं कव्हर उघडायला लावाच. केबल जोडलेली आहे का, नळीत हवेचे बुडबुडे आहेत का, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दुसरं, क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याच्या दोन टोकांचे, रबरी सील. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की रबर कडक होतं. डाव्या बाजूचा सील गेला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून चिकटतो. ओळखायचं असं: इंजिन गरम झाल्यावर रेस देऊन सोडा. आवाज लगेच खाली न येता वरच रेंगाळला तर हवा शिरतेय. उजवा सील गेला तर गिअरबॉक्सचं ऑइल इंजिन पितं. मग उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर सुटतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं.

मालक तयार असेल तर एक हेड काढून बघा. मूळ बोअर (आतला व्यास) 64 मिलिमीटर, त्यानंतर पाव-पाव मिलिमीटरने वाढत 65 पर्यंत पिस्टन मिळतात. आकडा पिस्टनच्या डोक्यावर कोरलेला असतो, काजळी पुसली की दिसतो. 65 निघाला तर पुढच्या बोरिंगला (सिलेंडर आतून कापून मोठा करायला) जागा उरलेली नाही, भाव त्या हिशेबाने करा. आपल्या उद्यमनगरात बोरिंग-होनिंगचं काम उत्तम होतं, पण संपलेल्या सिलेंडरला तेही काय करणार?

स्पार्क कधी पडायचा ते ठरवणाऱ्या पॉइंटचे दोन सेट असतात, दोन्हीचं टायमिंग वेगवेगळं लावावं लागतं. अंदाजाने नको, पिस्टनची नेमकी जागा मोजणारा डायल गेज असलेला मिस्त्री गाठा.

आणि पुढचा ब्रेक. जपानी गाडीला पुढे डिस्क होती, आपल्याकडे सात इंची ड्रम आला. टू-स्ट्रोकला इंजिनचा ब्रेक जवळपास नसतोच, त्यामुळे गगनबावड्याच्या उताराला सगळा भार ड्रमवर पडतो, तो तापतो आणि पकड सुटत जाते. आत लायनर ढकलणारे दोन कॅम आहेत आणि त्यांना जोडणारा रॉड आहे. त्याची लांबी बिघडली तर एकच लायनर टेकतो. बहुतेकांनी ती कधी जुळवलेलीच नसते.

सौदा झाला तर गाडी टेम्पोत घालून आणा. पंप आणि सील तपासल्याशिवाय जयसिंगपूरहून चालवत आणू नका.