काजूच्या फांद्या आधी भाजून मग पायरोलिसिस (हवा न लागू देता खूप तापवून लाकडाचे तेल, वायू आणि कोळसा करणे) केले तर तेल जास्त मिळते का? (सत्तरी, गोवा)

नाही, तेल कमी मिळते आणि कोळसा वाढतो; पण जे तेल येते ते कमी आंबट, कमी पाणचट आणि जास्त उष्मांकाचे असते. कारण लाकडाच्या तीन मुख्य घटकांत आहे: हेमिसेल्युलोज, सेल्युलोज आणि लिग्निन. हवा न लागू देता २०० ते ३०० अंश सेल्सिअसला भाजताना (याला टॉरिफॅक्शन म्हणतात) आधी हेमिसेल्युलोज तुटते. ॲसेटिक ॲसिड आणि बरेचसे पाणी त्यातूनच येते, म्हणजे ही घाण पहिल्याच टप्प्यात वाफेबरोबर निघून जाते. सेल्युलोज साधारण ३१५ अंशांनंतर जोरात तुटते, त्यामुळे सौम्य भाजणीत ते बरेचसे टिकते. पुढे ५०० अंशांच्या आसपास तेल काढले की त्यात लिग्निनपासून येणाऱ्या फिनॉलांचा (एका प्रकारच्या सेंद्रिय संयुगांचा) वाटा वाढलेला दिसतो. २८०-२९० च्या वर मात्र सेल्युलोजही करपून जोडले जाऊ लागते आणि तेल झपाट्याने घटते. तेल हवे असेल तर तिथपर्यंत जाऊच नका.

किती तेल मिळाले याचा हिशेब मूळ कोरड्या लाकडाच्या वजनावर करा, भाजलेल्या लाकडाच्या नव्हे, नाहीतर आकडे उगीच चांगले दिसतील. आणि १०५ अंशांवर वाळवणे म्हणजे भाजणे नव्हे; त्याने फक्त ओल जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तेवढेसुद्धा मोलाचे आहे, पण वाळवलेले लाकूड पुन्हा ओल धरते, भाजलेले फारच कमी.

माझे उत्तर लाकडाला लागू आहे. काजूच्या टरफलात स्वतःचे तेल असते, त्याचे गणित वेगळे.