फ्लूचा विषाणू ओळखला गेला नाही म्हणून मेडिक्लेम नाकारता येतो का?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६८) ताप, धाप आणि न्यूमोनियामुळे खासगी रुग्णालयात दाखल केलं होतं. ऑक्सिजन लावावा लागला. डिस्चार्ज कार्डवर ‘इन्फ्लुएन्झा, न्यूमोनियासह, विषाणू ओळखलेला नाही’ असं निदान आणि जे ११.० हा कोड आहे. विमा कंपनी म्हणते, निदान सिद्ध झालेलं नाही, रुग्ण फक्त तपासण्यांसाठी दाखल होता, क्लेम नामंजूर. बिलिंग विभाग कोड जे १० करून द्यायला तयार आहे. घेऊ का? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, कोड बदलून अजिबात घेऊ नका. तपासणीत हंगामी इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला तरच जे १० लावतात. वडिलांच्या अहवालात तो नाही. आज कंपनीची बाजू लंगडी आहे. खाडाखोड केलेला कागद गेला की तीच भक्कम होईल. क्लेम जाईल, पॉलिसी रद्द होऊ शकेल आणि फसवणुकीच्या गुन्ह्याची टांगती तलवार राहील.

मुळात बदलायची गरजच नाही. आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत जे ११ हासुद्धा इन्फ्लुएन्झाचाच कोड आहे. प्रयोगशाळेत विषाणू ठरला नाही, एवढंच तो सांगतो, पुढचं ‘.०’ न्यूमोनिया असल्याचं सांगतं. नमुना उशिरा घेतला तर अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. गंभीर रुग्णाला ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध द्यायला डॉक्टर अहवालाची वाट पाहत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

‘फक्त तपासण्यांसाठी दाखल’ हे वगळणुकीचं कलम पॉलिसीत असतं, पण ते मुख्यतः निदानासाठीच भरती झालेल्यांना लागू होतं. इथे उपचार झाले, हे कागदावर दाखवायचं आहे. खरी लढाई कोडवर नाही, केस पेपरवर आहे. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून पूर्ण इनडोअर पेपर मागा : ऑक्सिजनच्या नोंदी, औषधांचा तक्ता, छातीचा एक्स-रे, रोजच्या तपासणीचे शेरे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार ते ७२ तासांत मिळायला हवेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पत्रही घ्या : दाखल करताना रक्तातला ऑक्सिजन किती होता, घरी उपचार का शक्य नव्हते आणि निदान कशावरून केलं. ऑक्सिजनच्या नोंदी त्रोटक असतील तर हे पत्र फार मोलाचं ठरेल.

हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. नकार पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या कलमाखाली दिला आणि कंपनीच्याच क्लेम रिव्ह्यू कमिटीची (क्लेमचा फेरविचार करणाऱ्या समितीची) मंजुरी होती का, हे विचारा. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार त्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही.

महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षभराच्या आत तक्रार करा. फी नाही, वकीलही लागत नाही आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. पॉलिसी वडिलांच्या नावावर असेल तर तक्रारीवर सही त्यांचीच हवी. तिथेही दाद मिळाली नाही तर साताऱ्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. त्याची मुदत दोन वर्षांची. म्हणून नकाराचं पत्र किंवा ईमेल तारखेसह आजच जपून ठेवा.