ज्या गाडीत काहीच बदल केलेले नाहीत, तिला गाडीशौकीन काय म्हणतात?

सर्वांत जास्त चालणारा शब्द ‘स्टॉक’. तुम्ही यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटारसायकल शोधताय, आणि जाहिरातीत ‘आरएक्स १००, फुल स्टॉक’ वाचून तुम्हाला वाटलं की विकणाऱ्याकडे बऱ्याच गाड्या शिल्लक आहेत. त्यात हसण्यासारखं काही नाही, शब्द दुकानदारीतूनच आलाय. मागितला की फळीवरून काढून देतात तो स्टॉकचा माल, खास ऑर्डर देऊन बनवून घेतलेला नव्हे. म्हणून स्टॉक गाडी म्हणजे कारखान्यातून निघाली तशी. जोर द्यायचा असला की ‘बोन स्टॉक’ म्हणतात. इंग्लंडातले लोक ‘बॉग स्टँडर्ड’ म्हणतात, पण त्यात जरा नाक मुरडणं असतं.

गंमत म्हणजे हा शब्द जन्मापासूनच संशयात अडकलाय. अमेरिकेत नॅस्कार या मोटारशर्यती भरवणाऱ्या संस्थेने १९४९ साली शार्लटला पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत घेतली. ग्लेन डनअवे पहिला आला. नंतर तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांशी खेळ केलेला सापडला. ती गाडी चोरट्या दारूच्या धंद्यातली, स्प्रिंगांची करामत त्या कामासाठी केलेली. बक्षीस गेलं मागून आलेल्या जिम रोपरला. म्हणजे ‘स्टॉक’ म्हणून गाडी पुढे करायची आणि आत काहीतरी करून ठेवायचं, हे आपल्याकडच्या दलालांनी शोधून काढलेलं नाही.

आता आपल्या कोल्हापूरचं. इथे जुन्या मिस्त्रींच्या तोंडी ‘स्टॉक’ नाही. ते म्हणतात ‘कंपनी’. “सायलेन्सर कंपनी हाय, हँडल कंपनी हाय.” त्याच्या वरची पायरी म्हणजे ‘पाना न लागलेली’. इंजिन असेल तर ‘सील पॅक’. हे शेवटचे दोन शब्द स्टॉकपेक्षा कडक आहेत, आणि गाडी घेताना नेमका इथेच घोळ होतो. स्टॉक म्हणजे बदल केलेला नाही. खोललेलीच नाही असा त्याचा अर्थ नाही.

माझंच सांगतो. मी आरएक्स घेतली तेव्हा विकणारा छातीवर हात ठेवून ‘पाना लागला नाही’ म्हणाला होता. गाडी दिसायला सुरेख. घरी आणून पुसायला घेतली तर क्लच कव्हरच्या दोन स्क्रूंची तोंडं खाल्लेली, म्हणजे कुणीतरी आधी खोललेली. या जपानी बनावटीच्या स्क्रूंना आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लावला की तो घसरतो आणि खाच गोल होते. म्हणून बरेच मिस्त्री वैतागून तिथे षटकोनी खाचेचे एलन बोल्ट मारतात. पुढे उद्यमनगरात, म्हणजे इथल्या वर्कशॉपांच्या भागात, इंजिनचं हेड उतरवलं. पिस्टनच्या डोक्यावर ठसा होता ०.५०. म्हणजे बोअर, पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीचा व्यास, अर्ध्या मिलिमीटरने वाढलेला, ब्लॉक किमान एकदा तरी मशीनवर जाऊन आलेला. त्यावर मिस्त्री काय म्हणाला? “मग काय झालं? ओव्हरसाइझ पिस्टन कंपनीच देती की. गाडी कंपनीच हाय.” आणि ते बरोबर होतं! दुरुस्ती वेगळी, बदल वेगळा. फक्त विकणाऱ्याने चुकीचा शब्द वापरला आणि त्या शब्दाचे जास्तीचे पैसे घेतले. ते अजून खुपतं.

उलटा प्रकार म्हणजे ‘स्लीपर’: बाहेरून सगळं कंपनी, आतून जास्त ताकदीसाठी इंजिनचे पोर्ट घासलेले, हेड लेथवर छाटलेलं. ब्रिटिश लोक त्याला ‘क्यू-कार’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात व्यापारी बोट असल्याचं सोंग करून तोफा लपवणाऱ्या ‘क्यू-शिप’ होत्या, त्यांच्यावरून. तुम्हाला रोज कामावर जायला गाडी हवी असेल तर स्लीपरच्या वाटेला जाऊ नका.

बाकी शब्द भराभर. ‘ओईएम प्लस’ (ओईएम म्हणजे मूळ बनवणारी कंपनी) म्हणजे बदल आहेत, पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या किंवा महागड्या मॉडेलचे भाग लावून, मूळचेच वाटावेत असे. ‘सर्व्हायव्हर’ म्हणजे जुनी असून रंगासकट मूळ राहिलेली. नव्याने चकाचक रंगवलेली त्यात बसत नाही. ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे इंजिन त्याच चासीचं, मधे बदललेलं नाही. आरसीवरचे दोन्ही नंबर गाडीवर स्वतः वाचून बघा. इंजिन बदलून आरसीवर चढवलेलं नसेल तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आडवं येतं.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक ही जुनी जर्मन मोटार बघायला आम्ही उभे होतो, तेव्हा एक पोरगं म्हणालं, “फुल स्टॉक!” मला हसू आलं. त्या काळी मेबॅक कारखाना चासी आणि इंजिन द्यायचा, वरची बॉडी गिऱ्हाईकाच्या पसंतीने दुसरा कारखाना बांधायचा. तिथे स्टॉक कशाला म्हणायचं?

तुम्ही शोधताय त्या आरएक्सबद्दल सांगायचं तर आपल्याकडे ती १९८५ ते १९९६ एवढीच बनली. म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता म्हातारी झालीय. ‘पाना न लागलेली’ कुणी म्हटलं तर मान डोलवा, आणि इंजिनच्या उजव्या बाजूचा, क्लच कव्हरचा, फोटो मागवा. जवळून, उन्हात काढलेला, कव्हरचे सगळे स्क्रू दिसतील असा.