सिनेमातला दिवा शोधताय? आधी बर्नर बघा

सिनेमात दिसलेला रॉकेलचा टेबल लॅम्प शोधायचं मनावर घेतलंत, फार छान वाटलं. पण लगेच मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट गाठू नका. आधी तो दिवा दिसतो ती सगळी दृश्यं थांबवून स्क्रीनशॉट घ्या: पुढून, बाजूनं, पेटलेला, विझलेला.

मग बर्नर, म्हणजे वात धरून ठेवणारा भाग बघा. नवखी मंडळी शेडच्या प्रेमात पडतात. शेड आणि काच मात्र फुटतात, बदलतात. शूटिंगला तर हाताला लागेल ती बसवतात. खरी ओळख बर्नरवर. दोन चपट्या वाती शेजारी-शेजारी असतील तर तो डुप्लेक्स. बर्मिंगहॅमच्या हिंक्स या दिवे बनवणाऱ्या कंपनीनं १८६५ मध्ये याचं पेटंट घेतलं. वात वर-खाली करायच्या चावीवर बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव किंवा खूण असते, म्हणून खिशात भिंग ठेवाच.

दोन गोष्टी टाळा:

- पितळ घासून चकचकीत करणं. जुना रंग गेला की सहजी परत येत नाही, कोरीव खुणाही झिजतात.
- विजेच्या वायरसाठी टाकीला भोक पाडलेला दिवा घेणं, कितीही स्वस्त मिळाला तरी.

काचेची मापं, वातींचे प्रकार हे सगळं दिवा हाती आल्यावर बघू.