नवऱ्याच्या जर्मन आजोबांनी युद्धकाळात कुठे नोकरी केली आणि कोणत्या तुकडीत होते, हे जुन्या कागदांवरून कसं कळेल?

तुमच्या सासरी आजोबांचं आर्बाइट्सबूख, वेअरपास आणि सैनिकाच्या ओळखीचा जस्ताचा लंबगोल बिल्ला सापडलाय. ते टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कामगार होते आणि ‘पुढे सैन्यात गेले’, एवढंच घरच्यांना ठाऊक आहे. एवढ्या सामग्रीवर बरंच काही उभं राहतं.

आधी आर्बाइट्सबूख, म्हणजे कामगाराचं नोंदपुस्तक बघा. हे 1935 मध्ये आलं. नोकरी चालू असेपर्यंत ते मालकाकडे राही, सोडताना परत मिळे. त्यात कारखाना, कामाचा प्रकार, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. 1 सप्टेंबर 1939 पासून नोकरी बदलायला रोजगार कार्यालयाची परवानगी लागत असे, त्यामुळे त्यानंतरचा बदल निव्वळ मर्जीचा समजू नका. वय भरतीचं असूनही 1942 पर्यंत कारखान्याचीच नोंद दिसली, तर शस्त्रनिर्मितीतले कुशल कामगार म्हणून त्यांना भरतीतून सूट मिळाली असण्याची शक्यता मोठी.

मग वेअरपास, म्हणजे लष्करी सेवेचं नोंदपुस्तक. सैनिक तो जवळ बाळगत नसे. त्याच्या खिशात झोल्डबूख, म्हणजे पगार आणि ओळखीचं पुस्तक असायचं आणि वेअरपास तुकडीच्या कार्यालयात. तो घरी सापडतोय म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी हातात मिळाला असावा, किंवा मृत्यूनंतर घरच्यांकडे पाठवला असावा. तुकड्या, प्रशिक्षण, लढाया, पदकं यांची पानं त्यात वेगवेगळी असतात. दोन्ही पुस्तकांतल्या तारखा एकाच कागदावर ओळीने मांडा. नोकरी आणि लष्कर यांच्यामध्ये साधारण सहा महिन्यांची पोकळी निघाली तर ती बहुधा राइश्सआर्बाइट्सडीन्स्ट, म्हणजे फावडं हातात देऊन करून घेतलेली सक्तीची श्रमसेवा.

बिल्ल्यावरून मात्र हमखास फसगत होते. त्यावर कोरलेली तुकडी म्हणजे बिल्ला देणारी तुकडी, आणि ती बहुतेकदा भरती-प्रशिक्षणाची असते. पुढे माणूस कुठे लढला हे त्यावरून ठरत नाही. तरी त्यावरचा आकडा जसाच्या तसा उतरवून घ्या.

आता अर्ज. बर्लिनच्या बुंडेसआर्खिवकडे, म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, बिल्ल्यावरचा मजकूर आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठवा. पूर्वीच्या लष्करी माहिती कार्यालयाचं दप्तर 2019 पासून त्यांच्याकडेच आहे. उत्तराला महिनोन्महिने लागतात. जाडजूड फाइलची अपेक्षा ठेवू नका: भूदलाच्या बऱ्याचशा सेवा-फायली एप्रिल 1945 मध्ये पॉट्सडॅमच्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या. हाती लागतात त्या तुकड्यांच्या याद्या, जखमी झाल्याच्या नोंदी, कधी युद्धकैदेच्या. नाझी पक्षाच्या सदस्यत्वाची चौकशी अर्जात वेगळी मागा, ती आपोआप होईल असं धरू नका. तुकडीच्या रोजनिश्या त्यांच्याच फ्रायबुर्गच्या लष्करी विभागात असतात.

वेअरपासात 1944-45 चं इटली असेल तर आपल्याकडच्या मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहासही चाळा. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस त्याच आघाडीवर मिळाला.

एक अवघड भाग राहतो. ‘साधे टर्नर होते’ एवढ्यावर थांबू नका. ऑगस्ट 1944 मध्ये जर्मनीत सुमारे 76 लाख परदेशी नागरिक आणि युद्धकैदी कामाला जुंपलेले होते, त्यातले बहुतांश सक्तीने. आजोबांच्या कारखान्याचं नाव आणि गाव कळलं की बाड आरोल्झनच्या, नाझींच्या बळींच्या आणि सक्तीच्या कामगारांच्या नोंदी जपणाऱ्या अभिलेखागारात त्या कारखान्याच्या नावानेही शोध घ्या. शेजारच्या लेथवर कोण उभं होतं, हे तिथल्या याद्यांत सापडू शकतं.